हाफकिन : सोपवलेल्या कामाची किंमत

हार्बर मार्गावरील रे रोड हे स्थानक १२ डिसेंबर १९१० रोजी, कुर्ल्याहून आलेल्या नव्या लोहमार्गाचे टोक म्हणून सुरू झाले. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या भागाला लाभले आहे. स्थानकाच्या एका अंगाला दारुखाना आणि बंदर, दुसऱ्या अंगाला माझगाव व भायखळा आणि थोडे उत्तरेला परळ. लोहमार्ग येण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे याच पट्ट्यात जागतिक वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण घडले. प्लेगवरील पहिली लस भायखळ्यात तयार झाली, भायखळ्याच्याच तुरुंगात तिची परीक्षा झाली आणि परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर गेली. या साऱ्याच्या केंद्रस्थानी वाल्देमार मोर्देकाय हाफकिन हा परदेशातून आलेला, मितभाषी, अविवाहित संशोधक होता. परळच्या संस्थेमुळे त्यांचे नाव मुंबईकरांच्या तोंडी आहे. परंतु रुग्णाची संमती आणि सहायकांवर सोपवलेल्या कामाची जबाबदारी, हे आज प्रत्येक रुग्णालयातील परिचारिकेला आणि डॉक्टरला भेडसावणारे दोन प्रश्न त्यांच्या आयुष्याशी किती घट्ट बांधलेले होते, याची आठवण फारशी काढली जात नाही.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी हे शहर रशियन साम्राज्यात होते. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखा थोर प्राणिशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभला. विद्यार्थिदशेतच ज्यू वस्तीवर झालेल्या हल्ल्यांच्या वेळी ते स्वसंरक्षक गटात सामील झाले, जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली. पुढे धर्मांतर केले असते तर विद्यापीठातील अध्यापकपदाचा मार्ग मोकळा झाला असता. हाफकिन यांनी ते नाकारले आणि प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयातील किरकोळ कामावर समाधान मानले. बळजबरीने माणसाकडून काय काय करवून घेतले जाते, याचा अनुभव भारतात पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांच्या गाठीशी होता.

१८८८ साली ते जिनिव्हाला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले. पाश्चर संस्थेत त्या वेळी रिकामी असलेली जागा ग्रंथपालाच्या सहायकाची होती. हाफकिन यांनी ती स्वीकारली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले. पटकीवर लस शोधण्याचा त्यांनी ध्यास घेतला. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी आपले निष्कर्ष शास्त्रज्ञांपुढे मांडले. दुसऱ्याच्या शरीरावर करावयाचा प्रयोग आधी आपल्या शरीरावर, हा नियम त्यांनी पुढेही पाळला.

१८९३ च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्याला उतरले. पटकीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या बंगालमध्ये लोक लसीला सहजासहजी तयार होणार नव्हते. गोरा माणूस सुई घेऊन वस्तीत येतो, हेच मुळी संशयाचे कारण होते. कधी दगडही भिरकावले गेले. अशा वेळी आधी आपल्याला आणि आपल्या सहकाऱ्यांना लोकांसमोर टोचून घेणे आणि मग जो पुढे येईल त्यालाच लस देणे, ही पद्धत त्यांनी अवलंबिली. एका घरातले काही जण लस घेत, काही घेत नसत. या ऐच्छिकतेमुळेच टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना करता आली. सुमारे दोन-अडीच वर्षांत ४२ हजारांवर लोकांनी ही लस घेतली. या भ्रमंतीत हिवतापाने त्यांना गाठले आणि प्रकृतीसाठी काही काळ इंग्लंडला परतावे लागले.

ते पुन्हा भारतात आले त्या वर्षी, म्हणजे १८९६ साली, मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले. सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी या रोगाचे निदान केले. बंदर, धान्याची कोठारे, दाटीवाटीच्या चाळी आणि उंदीर यांच्या संगतीने रोग पसरत गेला. ऑक्टोबरच्या आरंभी नगरपालिकेने कडक आदेश काढले. संशयित रुग्णाला घरातून उचलून रुग्णालयात नेणे, त्याच्या घरच्यांना वेगळे ठेवणे, घराची झडती घेऊन सामानाची वासलात लावणे हे सारे अधिकार प्रशासनाने स्वतःकडे घेतले. रुग्णाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. नातेवाइकांना खाटेपाशी बसू दिले जाईल काय, कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल, पुरुष डॉक्टर घरातल्या बायकांना हात लावून तपासणार काय, मेल्यावर अंत्यविधी कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे चाळीतल्या माणसाला मिळत नव्हती. रुग्णालय म्हणजे मरणाचे घर, अशी समजूत त्यातून बळावली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड येथील साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला. वैद्यकावरील अविश्वासाइतकाच, न विचारता केलेल्या उपचाराविरुद्धचाही तो उद्रेक होता.

याच ऑक्टोबर महिन्यात हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी रात्रंदिवस काम केले. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी मांसाचा रस्सा लागे. गोमांस वा डुकराचे मांस वापरले तर हिंदू आणि मुसलमान दोघेही लस नाकारतील, आणि तो नकार त्यांच्या दृष्टीने योग्यच असेल, हे ध्यानात घेऊन त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. रश्श्यावर तरंगण्यासाठी तूप घातले. ज्याच्या शरीरात आपले औषध जाणार त्याच्या श्रद्धेचा विचार औषध बनवतानाच केला पाहिजे, ही दृष्टी त्या काळच्या सरकारी वैद्यकात दुर्मीळ होती.

लस तयार झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती डॉ. सर्व्हेयर या आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा ही मात्रा किती तरी मोठी होती. जोराचा ताप येऊनही ते कामावर राहिले. मग कॉलेजातील काही जण स्वेच्छेने पुढे आले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे बंदी तयार होते त्यांना लस देण्यात आली. सुमारे निम्म्यांनी ती घेतली. न टोचलेल्या बंद्यांच्या तुलनेत टोचलेल्यांमध्ये रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले आणि लसीचा बोलबाला झाला.

या चाचणीकडे आजच्या नजरेने पाहिले तर एक शंका येते. ज्याचे उठणे, बसणे, जेवणेही दुसऱ्याच्या हुकमावर अवलंबून आहे, त्या बंद्याचा होकार कितपत मोकळा असतो? माणसांवरील प्रयोगात मोकळी, समजून दिलेली संमती अत्यावश्यक असल्याचे तत्त्व जगाने १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेत नोंदवले. बंद्यांवरील प्रयोगांचे कडक नियम तर त्याच्याही नंतरचे. हाफकिन यांना या कसोटीवर पूर्ण गुण देता येणार नाहीत. पण नाही म्हणणाऱ्याला सोडून देण्याची मुभा त्यांनी तुरुंगाच्या भिंतीआडही ठेवली, आणि भिंतीबाहेर त्याच वेळी माणसे बळाने उचलून नेली जात होती, हा फरक लहान नाही.

लोकांचा विश्वास मिळवण्यात त्यांना मोठा आधार मिळाला तो तरुण आगाखान तिसरे यांचा. आगाखानांनी जाहीरपणे लस टोचून घेतली, आपल्या अनुयायांना तसे करण्याचे आवाहन केले आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. पहिल्या आगाखानांची समाधी असलेले हसनाबाद माझगावात, आजच्या रे रोड स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खोजा समाजातील हजारो स्त्रीपुरुषांनी लस घेतली आणि त्या समाजातील टोचलेल्यांच्या नोंदी लसीच्या उपयुक्ततेचा एक महत्त्वाचा पुरावा ठरल्या. ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्याने आपल्या भाषेत समजावून सांगितले की माणसे दंड पुढे करतात, हे येथे दिसून आले.

उलट टोकाचे उदाहरण पुण्याने दाखवले. तेथील घरझडत्यांतून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ च्या रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही, घरातील आजारी मुलीच्या तपासणीवरून विणकरांच्या वस्तीत दंगल पेटली. त्यानंतर मात्र प्रशासनाला नमते घ्यावे लागले. निरनिराळ्या जातींना व समाजांना आपापली प्लेग रुग्णालये चालवू देण्यात आली. तेथे रुग्णाला आपल्या माणसांची शुश्रूषा, आपल्या पद्धतीचे अन्न आणि आप्तांची सोबत मिळू लागली. साथीची चौकशी करणाऱ्या आयोगानेही लसीची सक्ती नको, असाच कौल दिला. हाफकिन यांची पद्धत अखेर शहाणपणाची ठरली.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली. येथून हाफकिन यांच्या आयुष्यातील दुसरा प्रश्न सुरू होतो. भायखळ्याच्या व्हरांड्यात प्रत्येक बाटली त्यांच्या नजरेखालून जात होती. आता मागणी लाखांच्या घरात गेली. एक जण बाटल्या भरी, दुसरा तापवी, तिसरा बूच बसवी, चौथा नोंद करी. पेट्या आगगाडीने शेकडो मैल जात. तेथे डॉक्टर सुई टोची. बाटली उघडणे, चिमटे व सुया निर्जंतुक करणे, रांग लावणे ही कामे सहायक करी. आजच्या रुग्णालयात वरिष्ठ परिचारिका कनिष्ठ परिचारिकेवर, परिचारिका वॉर्डबॉयवर किंवा आयावर कामे सोपवते, त्याचेच हे मोठे रूप होते. काम वाटून दिल्यावाचून साथीला तोंड देता येत नाही. पण काम जितक्या हातांतून जाईल तितक्या ठिकाणी ते निसटू शकते.

१९०२ साली पंजाबात प्लेगने थैमान घातले आणि तेथे प्रचंड प्रमाणावर लसीकरण हाती घेण्यात आले. उत्पादन वाढवण्यासाठी परळला नवी पद्धत वापरात आली आणि लसीत घातले जाणारे कार्बोलिक आम्ल वगळण्यात आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्व जण दगावले. या १९ जणांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती. तिचा क्रमांक होता ५३-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे अध्यक्ष होते. बाटली परळलाच दूषित झाली असावी आणि कार्बोलिक आम्ल वगळणे हा दोष होता, असा निष्कर्ष आयोगाने काढला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले, विनावेतन रजेवर युरोपात जावे लागले. ज्या माणसाने आपले शरीर पणाला लावून लस दिली, त्याच्या नावावर १९ मृत्यू लिहिले गेले. हाफकिन हे जन्माने ब्रिटिश नव्हते, सैन्यातील वैद्यकीय सेवेचे नव्हते, ज्यू होते. या गोष्टींचाही त्यांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीत हात होता, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे.

परंतु चौकशीतच एक निराळा पुरावा दडला होता. मुल्कोवालला ती बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो दिव्याच्या ज्योतीत धरून निर्जंतुक करण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांची बीजे असल्या पाण्यात क्षणभर बुडवून मरत नाहीत. शिवाय, बाटली आधीच दूषित असती तर परळहून निघून टोचली जाईपर्यंतच्या आठवड्यांत जंतू भरपूर वाढून तिला उग्र दर्प आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांनी तर बाटली हुंगून पाहिली होती आणि त्यांना दुर्गंध आढळला नव्हता. रोगाची लक्षणे दिसायला आठवडा लागला, हेही ताज्या संसर्गाशी जुळत होते. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस, प्रा. सिम्पसन आदींनी हे मुद्दे लावून धरले. १९०७ च्या जुलैमध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. अपघातापासून निर्दोषत्वापर्यंत पाच वर्षे गेली होती.

त्यांना वाचवले ते नोंदींनी. कोणत्या बाटलीतून कोणाला लस दिली, बाटली केव्हा भरली, केव्हा आणि कोणी उघडली, हे लिहून ठेवले नसते तर १०७ जणांपैकी १९ जण एकाच बाटलीचे होते हेही कळले नसते. परिचर्येच्या शिक्षणात नोंद ठेवण्यावर एवढा भर का असतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

मग दोष सहायकाचा मानायचा काय? परळच्या साहेबावरचा आळ काढून तो खेड्यातल्या मदतनिसावर टाकला की प्रकरण मिटते, असे मानणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. आजचे परिचर्याशास्त्र काम सोपवण्याच्या पाच अटी सांगते : योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख. चिमटा पडला तर नेमके काय करायचे आणि का, हे त्या सहायकाला कोणी नीट समजावले होते काय? चिमटा पडल्याचे पाहिल्यावर काम थांबवण्याचा अधिकार त्याला होता काय? बाटली बाजूला ठेवली असती तर एवढ्या मोठ्या मोहिमेत त्याला बोलणी बसली नसती काय? कार्बोलिक आम्ल वगळण्याचा निर्णय मात्र परळचाच होता. त्यामुळे बाटली उघडताना चूक झाल्यास सावरून घेणारा शेवटचा अडसर निघून गेला, हेही नाकारता येत नाही. काम दुसऱ्यावर सोपवणाऱ्याने त्याच्या हातून होऊ शकणाऱ्या चुकीचाही विचार आधी करायचा असतो. या अर्थाने हाफकिन निर्दोष ठरले तरी प्रश्नातून पूर्णपणे सुटले नाहीत.

या साऱ्या वादात मागे पडले ते मुल्कोवालचे १९ जण. त्यांनी विश्वासाने दंड पुढे केला होता. पाच वर्षांची चर्चा प्रामुख्याने प्रयोगशाळा, सरकार आणि शास्त्रज्ञ यांच्या प्रतिष्ठेभोवती फिरली. उपचारात काही विपरीत घडले तर काय घडले हे रुग्णाला व त्याच्या आप्तांना स्पष्ट सांगितले पाहिजे, हा हक्क त्या काळी कोणी उच्चारलाही नव्हता.

ठपका दूर झाल्यावर हाफकिन भारतात परतले. परंतु परळची त्यांची जागा आता दुसऱ्याची झाली होती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरीची उरलेली वर्षे काढली. माणसांवर लसीची नवी चाचणी करण्याची संधी त्यांना पुन्हा मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले. उत्तरायुष्यात ते धर्मनिष्ठ झाले आणि पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांसाठी त्यांनी आपली संपत्ती ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १८९७ पासून तोवर मुंबईहून प्लेग लसीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. १९६४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांच्या काळात जे व्यक्तीच्या विवेकावर सोडलेले होते, ते आज बऱ्याच अंशी नियमांत आले आहे. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचारासाठी गृहीत धरता येणार नाही, असे स्पष्ट केले. २०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्णहक्कांची सनद प्रसिद्ध झाली आणि २०२१ साली महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांच्या नियमांत अशा सनदेचा समावेश केला. करोनाच्या लसीकरणात एका कुपीतून अनेकांना लस देताना कुपी उघडल्याची वेळ लिहिणे, टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवणे या गोष्टी लोकांनी पाहिल्या. त्या प्रत्येक सूचनेमागे मुल्कोवालसारख्या अनुभवांची शिकवण आहे.

भिंतीवर सनद टांगली म्हणजे रुग्णाला हक्क मिळतो असे नव्हे. संमतिपत्रावर सही घेण्याचे काम घाईच्या वेळी सर्वांत कनिष्ठ माणसावर ढकलले जाते आणि समजावून सांगायचे राहून जाते, हे अनेक वॉर्डांत दिसते. सुई टोचण्याचे, सही घेण्याचे, चिमटा उकळण्याचे काम दुसऱ्याच्या हाती देता येते. रुग्णाला त्याच्या भाषेत समजले की नाही आणि ज्याच्या हाती काम दिले त्याला ते नीट शिकवले की नाही, याचे उत्तर मात्र देणाऱ्यालाच द्यावे लागते. भायखळ्यात हाफकिन यांनी यांतली पहिली गोष्ट जगाला दाखवून दिली. दुसरी त्यांना मुल्कोवालने शिकवली, आणि तिची किंमत १९ कुटुंबांनी मोजली.